जाहिरातीची इर्जिक

आमच्या घरात वेबसाइटवरून पहिलं भांडण झालं, तेव्हा वेबसाइट अजून जन्मालासुद्धा आली नव्हती. नव्याण्णव साल होतं. सांगलीत हॉस्टेलला राहून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट घेऊन घरी, कराडला चिकटून असलेल्या मलकापुरात परत आले. वय चोवीस. नोकरीचा पत्ता नाही. त्यातच माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, फलटणचं स्थळ आणलं. मुलगा साखर कारखान्यात, घरची बागायत, माणसं चांगली. खोट काढायला कुठे जागाच नव्हती आणि माझी खरी पंचाईत तीच होती. नाही म्हणायला काहीतरी कारण पाहिजे ना!

मी म्हणाले, "मला वेबसाइट काढायचीय."

"काय काढायचंय?" आबा म्हणाले.

मी सांगायला लागले. कॉम्प्युटरवर पानं लिहायची, ती जगात कुणीही कुठूनही वाचायची, वाचायला येणाऱ्यांना वर जाहिरात दिसायची, त्या जाहिरातीचे पैसे लिहिणाऱ्याला मिळायचे. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "लेका, ही सांगलीला शिकाय गेली हुती का डोक्यावर परिनाम करून घ्याय?"

झालं! माझी जीभ आधीच तिखट. मी काय काय बोलले ते आज इथे लिहीत नाही, आबा आता हयात नाहीत. शेवटी वडील मध्ये पडले.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आमच्या घराण्यात सगळ्यांनी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरण्यात जन्म काढले. काठी ठेवून बंदूक उचलणारे आण्णा पहिले. फौजेतून हवालदार होऊन ते पेन्शनीत आले. बोलणं कमी, पण एकदा शब्द गेला की गेला. भावकीत कुणाचं बांधावरून वाजलं तर दोन्हीकडची माणसं आण्णांना बोलवायची, कारण त्यांचा शब्द फिरत नाही हे सगळ्यांना माहीत. त्यांना स्वतःलाही त्याचा अभिमान होता. मिशीपेक्षा जास्त.

"ह्यात खरंच पैसा हाय?" त्यांनी मला विचारलं.

"आहे. अमेरिकेतून चेक येतो. माझ्या नावाचा."

आण्णांनी थोडा विचार केला आणि आबांना म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापतोर हिच्या नावाचा चेक आला, तर पोरगी करील ते करू द्यायचं. न्हाई आला, तर त्याच दिशी फलटनला सुपारी फोडायची. माजा शब्द."

तेव्हा नुकता उन्हाळा संपत होता. मला वाटलं, पाच-सहा महिने म्हणजे चिक्कार झाले.

कराडात नुकताच एक कॅफे निघाला होता. आधी तिथे एसटीडी बूथ होता. मालकाने काचेचं खोपटं तसंच ठेवून आत चार कॉम्प्युटर मांडले होते. भला माणूस. सकाळी गर्दी नसताना तो मला निम्म्या दरात बसू द्यायचा. फोनच्या तारेतून किर्र-कुईं आवाज यायचा, कनेक्शन लागायचं, तुटायचं, परत लागायचं. मी घरूनच वहीत सगळं लिहून न्यायची आणि तिथे भराभरा टाइप करायची. मराठी अक्षरांची अडचण होती. माझ्या पडद्यावर ती झकास दिसायची, पण दुसऱ्याच्या पडद्यावर तो फॉन्ट नसला की नुसते चौकोन उमटायचे. म्हणून मी मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत.

माझी पहिली साइट होती सातारा जिल्ह्याच्या माहितीची. किल्ले, घाट, धरणं, देवळं. फोटोसुद्धा टाकले, मोठे मोठे. पानाच्या तळाला किती माणसं येऊन गेली ते दाखवणारा आकडा लावला होता. महिन्याभरानं तो आकडा एकेचाळीसवर होता आणि त्यातल्या तीस-बत्तीस वेळा मीच मला बघायला आले होते. बाकीचे बहुतेक फोटो उघडायची वाट बघून कंटाळून पळाले असणार. मी कपाळाला हात लावून बसले. पुस्तकातली माहिती पुस्तकातून उतरवून ठेवल्यावर कोण कशाला येईल माझ्या दारात? पण हे कळायला मला एक महिना लागला. शहाणी ना मी.

साइटवर एक अभिप्रायाची वहीही होती. येणाऱ्यानं दोन ओळी लिहून जायचं. त्या वहीत पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलं. बाई होती, कुठल्याशा थंड देशात राहणारी, माहेर आटपाडीकडचं. तिनं लिहिलं होतं की किल्ल्यांचं ठीक आहे, पण तुमच्या घरी कुणी म्हातारं-कोतारं असेल तर विचारून सांगाल का? इथे विजेच्या शेगडीवर माझी ज्वारीची भाकरी फुगत नाही, नुसती चिरते. अकरा वर्षं झाली.

आटपाडी म्हणजे माझ्या आईचा मुलूख. मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई आधी पदर तोंडाला लावून हसली. "भाकरी येत न्हाई म्हंजे काय? बाईमानूस न्हवं का ती?" मग कामाला लागली. तासाभरानं स्वतःच माझ्यापाशी आली. "अकरा वरसं म्हनलीस न्हवं? तितं चूल न्हाई, निखाऱ्यांचा आर न्हाई. मग फुगंल कशी?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरीणबाईंकडून आईनं विजेची शेगडी आणली. माझ्या आईनं आयुष्यात चुलीशिवाय आणि पुढे स्टोव्हशिवाय कशावर स्वयंपाक केला नव्हता. ती त्या लालभडक तारेसमोर मांडी घालून बसली आणि भाकरीवर भाकरी बिघडवायला लागली. पीठ गार पाण्यात, कोमट पाण्यात, उकळत्या पाण्यात. तवा आधी तापवून, मागाहून तापवून. आम्ही तीन दिवस तिन्ही त्रिकाळ चिरलेल्या भाकरी खाल्ल्या. आण्णांनी त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. चौथ्या दिवशी आईनं मला हाक मारली, "ये गं हिकडं, लिव."

उकळत्या पाण्यात पीठ कालवायचं, झाकून ठेवायचं, मग मळायचं. लय मळायचं. भाकरी तव्यावर टाकली की पाण्याचा हात लगेच फिरवायचा, सुकू द्यायची नाही. उलटल्यावर आर नाही म्हणून घाबरायचं नाही. फडक्याचा बोळा करून कडेकडेनं दाबायचं, म्हणजे वाफ मधे जाते. मी हे तिच्याच बोलीत लिहिलं, एक शब्द न सुधारता. शेवटी तिनं विचारलं, "मी आता बोलले, ते ती बाई तितं वाचनार व्हय?"

"व्हय."

"मग लिव, की पयली मोडली तर रडू नगंस. माजी बी मोडली."

आठ दिवसांनी त्या बाईचं उत्तर आलं. भाकरी फुगली होती. तिची आई गेल्याला सात वर्षं झाली होती आणि तव्यासमोर उभी राहून ती रडली होती. तिनं तिच्या ओळखीच्या सगळ्यांना पान पाठवलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसले आणि पिठाचा डबा उघडून उगीचच परत बंद केला.

त्यानंतर मी किल्ले-बिल्ले सगळे काढून टाकले. साइट आईची झाली. लोक विचारायचे, आई सांगायची, मी लिहायची. बाळंतिणीला काय द्यायचं, जुन्या साड्यांची वाकळ कशी शिवायची, बाळाला अंघोळ घालताना पाय कसे पसरायचे, हुलग्याचं माडगं, घोंगडी धुवायची की नाही. (नाही. उन्हात टाकायची.) मी पण शिकत गेले. पान उघडायला उशीर लागला की माणूस टिकत नाही, म्हणून फोटो बंद. लोक काय शोधतात तेच मथळ्यात आलं पाहिजे. नवीन पान ठरल्या दिवशी म्हणजे सोमवारी आलंच पाहिजे, नाहीतर लोक वाट बघणं सोडतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जे पुस्तकात मिळतं ते लिहायचंच नाही. माझ्याकडे पुस्तकाबाहेरचं एकच होतं, आई.

आकडा चढायला लागला. रोज मी घरी आले की आई विचारायची, "आज किती पावनं आलं?"

"शंभरावर गेले."

"आगं बया! आन्‌ कुनाला पान्याचा तांब्या बी न्हाई दिला आपन." तिला खरंच अवघडल्यासारखं व्हायचं.

पाहुणे बऱ्यापैकी यायला लागल्यावर मी अमेरिकेतल्या एका जाहिरात कंपनीकडे नाव नोंदवलं. त्यांनी एक पट्टी दिली, ती पानाच्या डोक्यावर लावायची. आत कुठली जाहिरात येईल ते त्यांच्या मर्जीवर. आईच्या तुपातल्या डिंकाच्या लाडवांवर 'महिन्यात वजन घटवा' अशी पट्टी लुकलुकायची. कुणी तिच्यावर क्लिक केलं की माझ्या खात्यात थोडेसे सेंट पडायचे. ठरावीक रक्कम जमल्याशिवाय मात्र चेक यायचा नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती आले आणि गेले, आणि माझं खातं अगदी गोगलगायीच्या चालीनं पुढे सरकत होतं. लोक भाकरी वाचायचे आणि निघून जायचे. वजन कुणाला घटवायचं नव्हतं.

नवरात्र जवळ आलं तसा माझा जीव टांगणीला लागला. चिडचिड व्हायची. त्यातच एका संध्याकाळी आण्णांनी विचारलं, "नेमकं पैसं कवा पडत्यात? मानूस आला म्हनून, का जाहिरात दाबली म्हनून?"

"दाबली म्हणून."

"कुनी बी दाबली तरी?"

"हो, कुणीही. आण्णा, मला उद्याचं पान लिहायचंय हो."

"बरं बरं," म्हणून ते उठून गेले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी सांगलीला गेले होते. कोर्सच्या सरांकडे नोकरीबद्दल विचारायला. खरं तर हातपाय गळाले होते, म्हणून दुसरी काठी शोधत होते. दुपारच्या एसटीनं परत आले तर आमच्या दारात ही गर्दी! गल्लीतली माणसं, आण्णांचे फौजेतले दोन सोबती, आटपाडीकडून माझे मामा, तांबडी मुंडाशी बांधून. अंगणात पंगत बसली होती. बाजरीच्या भाकरी, मटणाचा रस्सा, आई घामाघूम होऊन वाढत होती.

"काय आहे आज?" मी विचारलं.

"काय न्हाई, सहज," आण्णा म्हणाले. मामा गालातल्या गालात हसले. मी दमले होते, भूक लागली होती, जास्त विचारलं नाही. जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन खातं उघडलं आणि माझे डोळेच फिरले. खातं एका दिवसात चेकला लागणाऱ्या रकमेच्या पार वर गेलं होतं! मी खुर्चीतून उठून ओरडले. कॅफेवाले दादा पण हसत होते. मला वाटलं, परदेशातल्या एखाद्या मोठ्या यादीत माझी साइट आली असणार. पळत घरी आले. आईला मिठी मारली, आण्णांच्या पाया पडले. आण्णा मिशीत हसले आणि म्हणाले, "झालं न्हवं काम?" त्या चार दिवसांत मी इतकी गोड वागले की आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

पाचव्या दिवशी ईमेल आलं. तुमच्या जाहिरातीवर एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी, शेकडो खोटे क्लिक झाले आहेत. तुमचं खातं बंद करण्यात येत आहे. जमलेली सगळी रक्कम रद्द.

मी ते तीनदा वाचलं. मग दादांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मला त्या रविवारची सगळी हकीकत सांगितली.

आईच्या माहेरी इर्जिक असते. एखाद्याचं रान नांगरायचं मागं पडलं, घरात आजारपण असलं किंवा बैल गेला, की सगळं गाव एक दिवस ठरवतं. जो तो आपली बैलं, आपलं औत घेऊन त्याच्या रानात उतरतो. दिवस मावळायच्या आत काम फत्ते. मजुरी कुणी घेत नाही, ज्याचं रान त्यानं दुपारी पोटभर जेवू घालायचं, बस्स. आण्णांनी माझ्या जाहिरातीवर इर्जिक घातली होती.

त्यांनी आठवडाभर आधी सांगावा धाडला होता. रविवारी सकाळी माणसं कॅफेच्या दारात रांग लावून उभी होती. चार कॉम्प्युटर, चार माणसं बसलेली, आणि मागं आण्णा फौजी आवाजात, "चलो, अगला आदमी!" दर माणसानं दहा वेळा दाबायचं. माझे मोठे मामा खांद्यावरची घोंगडी सावरत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाजी, कुटं दाबू?" आण्णांनी त्यांचा हात धरून माऊसवर ठेवला. ज्या माणसानं उभ्या जन्मात फोन केला नव्हता त्यानं भाचीसाठी वजन घटवायची जाहिरात दहा वेळा उघडली. गल्लीतल्या बायका आल्या, दूधवाला किटल्या बाहेर लावून आला. दुपारी एकला आण्णांनी दादांना सगळ्यांचं भाडं दिलं आणि माणसं घरी जेवायला नेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता. आण्णा अंगणात पाटावर बसून दाढी करत होते. मी त्यांना काय काय बोलले! तुम्ही माझा गळा कापलात, म्हणाले. फलटणला ढकलायचं होतं तर सरळ ढकलायचं, हे नाटक कशाला, म्हणाले. आईनं मला गप्प करायचा प्रयत्न केला, तिलाही बोलले. आण्णा हातात वस्तरा धरून अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "खोटं कसं झालं पोरी? खरी मानसं हुती सगळी."

मी दार आपटून आत गेले.

आता जे लिहितेय ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. घरच्या माणसांनी, ओळखीच्यांनी क्लिक करायचं नाही हा नियम मला माहीत होता. नाव नोंदवताना तो मी वाचला होता. आण्णांनी त्या संध्याकाळी नेमकं तेच विचारलं होतं, आणि मी त्यांना घालवून दिलं. फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला नियम कळत नसतो का? कुणी सांगितला असता तर त्यांनी मरेस्तोवर पाळला असता. मी आत पालथी पडून रडत होते ते चेकसाठी, पण त्यातलं निम्मं रडणं स्वतःच्या लाजेचं होतं. आणि तरी मी बाहेर जाऊन ते कबूल केलं नाही. रागाची एकदा सवय लागली की माणूस चूक असतानाही रागावूनच बसतो.

संध्याकाळी आण्णा माझ्या दाराशी आले. हातात कागद होता. म्हणाले, "त्या कंपनीला आपन अर्ज करायचा. मी सांगतो, तू विंग्रजीत लिव." मी उठले नाही, तर तेच खाली बसले आणि सांगायला लागले. मी पेन घेतलं. त्यांचा अर्ज असा होता: महोदय, सदर गुन्हा माझा आहे. माणसं मी आणली. मुलगी त्या दिवशी सांगलीला होती, तिला काही माहीत नव्हतं. शिक्षा द्यायची ती मला द्यावी, मुलीचं खातं चालू करावं. मी पंचवीस माणसांच्या सह्या घेऊन देऊ शकतो. खाली त्यांचा फौजेतला नंबर.

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत पाठवलं, नंबरसकट. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: निर्णय अंतिम आहे.

पाडवा आला. सकाळी अकराला आबा आले, नवीन धोतर, डोक्यावर पटका. आईनं फराळाची ताटं पुढे ठेवली. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. मनातून मी तयारी केली होती. आण्णांचा शब्द होता आणि तो मोडत नाही हे मी लहानपणापासून बघितलं होतं. मला फक्त इतकंच वाटत होतं की जायच्या आधी आईची उरलेली पानं लिहून व्हावीत. बाळाच्या टाळूला तेल कसं घालायचं असं एका नव्या बाईनं विचारलं होतं, ते अर्धंच राहिलं होतं.

"मग? आला का अमेरिकेचा चेक?" आबांनी विचारलं.

"न्हाई आला," आण्णा म्हणाले.

"मग कवा जायाचं फलटनला? आज दिस चांगला हाय."

आण्णा उठून उभे राहिले. थोरल्या भावासमोर त्यांना बसून बोलता येईना बहुतेक. म्हणाले, "आबा, जायाचं न्हाई."

"म्हंजे?"

"पोरीचं काम चांगलं चाललं हुतं. ते मी बुडवलं. माज्या अडाणीपनानं. माज्या चुकीपायी तिला फलटनला उजवू कसं? मी शब्द मोडतो."

आबांना राग येण्याआधी धक्काच बसला. मग म्हणाले, "फलटनच्या मानसांना मी काय तोंड दाखवू? हितनं म्होरं भावकीत तुझ्या शब्दाला कोन इचारंल, सांग!"

"न्हाई इचारनार," आण्णा म्हणाले. "चालंल."

आबा ताटाला हात न लावता निघून गेले. पुढची दोन वर्षं ते आमच्या उंबऱ्यावर चढले नाहीत. आणि त्यांचं म्हणणं खरं झालं. भावकीतल्या भांडणात आण्णांना बोलावणं बंद झालं, बांधाचा वाद निघाला तरी लोक दुसऱ्याच कुणाकडे जायचे. आण्णा दारातल्या बाजेवर बसून त्यांना जाताना बघायचे. त्याबद्दल मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

पण त्या पाडव्याला आबा गेल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही. मी बाहेर आले आणि आण्णांच्या पायाशी बसले. म्हणाले, "आण्णा, चूक तुमची नव्हती. घरच्यांनी दाबायचं नाही हा नियम मला ठाऊक होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलाच नाही."

"ठाऊक हाय मला," आण्णा म्हणाले.

मी वर बघितलं.

"तू चिडून दार आपटलंस, त्याच दिशी मी कॅफेवाल्याकडं गेलो हुतो, काय चुकलं ते इचाराय. त्यो म्हनला, नाव घालतानाच समदं वाचून घ्यावं लागतंय, तिला म्हाईत असनार."

"मग तुम्ही कंपनीला, आबांना, सगळ्यांना स्वतःचीच चूक म्हणून का सांगितलंत?"

"आबाला सांगितलं असतं, की पोरगी बोलली न्हाई म्हनून बुडालं, तर त्यानं आजच तुला उचलून न्हेली असती." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, खरखरीत. "माजा शब्द गेला तर गेला. मी आता पेन्शनीत हाय, मला काय करायचाय? तुजं आजून सगळं व्हायचंय."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले, चोवीस वर्षांची घोडी. ते थोपटत राहिले. स्वयंपाकघरातून आई ओरडली की फराळ गार होतोय, आणि तिकडं त्या बाईचं लेकरू टाळूला तेल लावायची वाट बघतंय, तुमचं दोघांचं रडून झालं असलं तर वही घेऊन या.